वाट पाहण्याचा सर्व्हे

हिंगोली
२९ जुलै २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून मामी म्हणेल, पोरीला आता आठवण झाली. म्हणू द्या. तुमच्याशी बोलायचं तर कागदच लागतो. मोबाइलवर लिहून पाठवलं की तुम्ही उत्तराला नुसता अंगठा पाठवता. वर्गात मात्र तुम्हाला आमचं दहा ओळींच्या खालचं उत्तर चालायचं नाही.

बातमी अशी की मला काम लागलंय. पुण्याच्या एका कंपनीचं, सर्व्हेचं. नोव्हेंबरात एक नवी वस्तू बाजारात येणार आहे. ती येण्याआधी लोकांनी तिचं नाव ऐकलंय का, आणि ती यावी असं त्यांना किती वाटतं, हे मोजायचं. मोठी शहरं मोजून झाली, आता लहान जिल्हे. आपल्या जिल्ह्यात दोनशे घरं. मी आणि कळमनुरीचा प्रमोद म्हणून एक जण, असे दोघंच. वस्तू विजेवर चालणारी आहे एवढंच समजा. बाहेर बोलू नका असं वरून सांगितलंय.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. फॉर्म इंग्रजीवरून मशीननं मराठीत केलेला. वसमतला हळदीच्या आडतीवर चार माणसं बसलेली, आणि मी मोठ्यानं वाचलं, "सदर उत्पादनाबाबत आपण किती उत्तेजित आहात? शून्य ते दहा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारबा शांतपणे म्हणाले, "बाई, ह्या वयात कशाचं उत्तेजित अन् कशाचं काय!" जो हशा झाला! मी बाहेर येऊन ऑटोत बसले आणि रडले. मग हिंगोली येईपर्यंत माझं मलाच हसू यायला लागलं.

मामा, तुम्ही तीन जनगणना केल्यात. लोकांना कसं विचारायचं ते सांगा. आणि त्या शब्दाला दुसरा शब्द द्या.

मामीला जय भीम.

तुमची,
पल्लवी


सेनगाव
४ ऑगस्ट २०२५

चि. पल्लवी हिस,
मंगलकामना.

तुझं पत्र तुझ्या मामीने आधी वाचलं आणि आडतीवरच्या म्हाताऱ्याचं बोलणं मला कागदावर लिहून दाखवलं, जणू पत्र मला वाचता येत नाही. नंतर दिवसभर एकटीच हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली.

"उत्तेजित" खोडून टाक. "किती वाट पाहता?" असं विचार. आपल्याकडे माणूस कशाची ना कशाची वाट पाहतच असतो, त्याला प्रश्न लगेच कळेल.

दारात उभं राहून विचारू नकोस. पाणी दिलं तर घे. एका वेळी एकच विचार, आणि विचारल्यावर गप्प बस. माणूस पहिलं उत्तर तुला बरं वाटावं म्हणून देतो. दुसरं स्वतःसाठी देतो. त्या दुसऱ्यासाठी थांबायचं. २००१ साली एका तांड्यावर बाईला विचारलं, लेकरं किती? म्हणाली, पाच. सगळं लिहून मी उठलो, चपला घातल्या, तेव्हा म्हणाली, "गुरुजी, सहा लिवा." सहावं गेलेलं होतं. नियमाप्रमाणे मी पाचच लिहिले. आज वाटतं, समासात तरी लिहायला हवं होतं.

कानाचं यंत्र आणलं आहे, पण त्यात नुसती गिरणी चालू असल्यासारखं होतं. काढून ठेवलं. तीन वर्षांत सवय झाली आहे. लोक काय म्हणतात ते आता मला तोंडाकडे बघून बरंचसं कळतं. न कळलं तरी फारसं बिघडत नाही.

बावीस तारखेला आमच्या आयुषला जाऊन तीन वर्षं होतात. भंतेजींना सांगितलं आहे. तुझी साधना मामी खीर करणार आहे. तू ये. दहा वर्षं तुम्ही दोघं आमच्या घरात एका ताटात जेवलात. तुझ्याशिवाय त्याला बहीण कोण होती?

तुझा मामा,
प्रेमानंद


हिंगोली
१४ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचा प्रश्न बराबर लागू पडला. वसमतला भिकाबाई म्हणून हळद शिजवायच्या कामाला जाणाऱ्या आजी भेटल्या. विचारलं, "आजी, ह्या नव्या वस्तूची किती वाट पाहता?" तर म्हणाल्या, "वाट व्हय? वाट तर मी तीन दिसांपासून नळाची पाहून राहिले. तुजी वस्तू पाणी आणती का?" शून्य लिहिलं. कळमनुरीच्या बाजारात तातेराव म्हणून एक शेतकरी भेटले. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, त्यानं रानडुकरं पळतील का. नाही म्हटलं तर त्यांनाच माझी दया आली. म्हणाले, "लिही बाई दोन. एवढ्या उन्हात आलीस."

आतापर्यंत अठ्ठ्याऐंशी घरं झाली. नाव ऐकलेले नऊ. पुण्याच्या मॅडम रोज फोन करतात, हिंगोलीचा आकडा इतका खाली कसा? मी काय सांगणार?

मामा, बावीसला मला यायला जमणार नाही. महिनाअखेरपर्यंत दोनशे घरं पुरी करायची आहेत आणि सुट्टी देत नाहीत. रागावू नका. मामीलाही समजावून सांगा. पुढच्या महिन्यात नक्की येते.

पल्लवी


सेनगाव
२६ ऑगस्ट २०२५

चि. पल्लवी,
मंगलकामना.

बावीसचा कार्यक्रम झाला. तीस-पस्तीस माणसं होती. तुझी आई आली होती. ती म्हणाली, त्या दिवशी तू हिंगोलीतच होतीस, खोलीवर. असो.

आता दुसरी गोष्ट. परवा सकाळी दारात एक पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. बोलायला लागला. मी कानाला हात लावून नाही म्हटलं. तसा तो समजूतदार, त्याने फॉर्मच माझ्या हातात दिला. खाली नाव वाचलं, प्रमोद. म्हणजे तुझा जोडीदार. मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

वर जाड अक्षरात लिहिलं होतं, "टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे नवीन कन्सोल."

ज्या वस्तूचं नाव घरोघर विचारायचं, तेच मामापासून लपवायचं, हे मला पहिल्या पत्रातच खटकलं होतं. आता कळलं का ते. तुझं मन मला समजतं, लेकी. पण मी काही काचेचा नाही.

मी फॉर्म भरला. प्रमोदला खुर्ची दिली, साधनाने चहा दिला. मी काय लिहिलं ते तुला सांगतो.

"आपण या प्रकारचे उत्पादन पाहिले आहे काय?" होय.

"आपल्या घरी असे उत्पादन होते काय?" होय. एक वर्ष सात महिने.

"सध्या ते वापरात नसल्यास कारण." इथे एकच ओळ होती. मी लिहिलं, मी फोडले.

तू तेव्हा हिंगोलीला कॉलेजात होतीस. फोडलं एवढंच तुला माहीत आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन उन्हाळे बसून त्याने पैसे जमवले आणि नांदेडहून जुनं यंत्र आणलं. मला त्याची शरम वाटायची. गुरुजींचा पोरगा दिवसभर टीव्हीसमोर खेळतो. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला तो एक तास उशिरा पोचला आणि त्याला बसू दिलं नाही. सरांनी मला चारचौघांत सांगितलं. घरी आलो, वायरीसकट उपटलं आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आपटलं. एकदा नाही. तो ओट्यावर उभा होता. बसून सगळे तुकडे वेचले, अगदी स्क्रूसुद्धा, शाळेच्या दप्तरात भरले. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसला. पुढे तीन वर्षं दिवाळीला नाही, जयंतीला नाही. मग दवाखान्यातून फोन आला की डेंग्यू आहे, लवकर या. आम्ही पोचलो तेव्हा बोलण्यासारखा राहिला नव्हता.

शेवटचा प्रश्न तूच लिहिलेला दिसला, मशीनचा खोडून. "किती वाट पाहता?" मी दहा लिहिले.

आता मी तुला एक विचारतो. तो पुण्यातून तुझ्याशी बोलायचा, हे मला माहीत आहे. माझ्याबद्दल कधी काही म्हणाला का? घरी यावंसं त्याला कधी वाटलं का? जे असेल ते लिही.

तुझा मामा


हिंगोली
१५ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तीनदा लिहून फाडलं. बाहेर आठ दिवस पाऊस थांबत नाहीये. लोकांचं सोयाबीन पाण्यात आहे आणि सर्व्हेची मुदत वाढली म्हणून मी त्यांना गेमच्या यंत्राबद्दल विचारतेय. परवा सेनगाव रोडला एका बाईनं काही न बोलता माझ्या तोंडावर दार लावलं. मला वाटलं, बरं केलं.

बावीसला मी आले नाही ते कामामुळे नाही. आयुषच्या फोटोसमोर बसून तुमच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत होत नाही. पहिल्या वर्षी झाली नाही, दुसऱ्या वर्षी तापाचं खोटं सांगितलं. आता तुम्ही सरळ विचारलंत, तर सरळ सांगते.

त्याला यायचं होतं, मामा.

२०२२च्या फेब्रुवारीत त्याचा जुना मोबाइल चोरीला गेला आणि त्यानं नवा नंबर घेतला. त्या नंबरवरून त्यानं तुम्हाला फोन केला. एकदा नाही, महिन्याभरात तीनदा. तुम्ही उचललात, हॅलो म्हणालात. तो म्हणाला, बाबा, मी आयुष. तुम्ही पुन्हा हॅलो म्हणालात आणि ठेवून दिलात. तिसऱ्या वेळी तो म्हणे ओरडून बोलला. बाबा, मी येऊ का घरी? तुम्ही काहीच न बोलता ठेवलात. त्यानं मला सांगितलं, "ताई, बाबा आवाज ओळखतात अन् ठेवून देतात. मी मेलो त्यांच्यासाठी."

मी म्हटलं, मामीशी बोल. तर म्हणाला, आधी बाबा, मग आई. चोरून बोलायचं नाही. आणि मला शपथ घातली.

तरीही एप्रिलमध्ये त्यानं जयंतीला यायचं तिकीट काढलं. मला विचारलं, येऊ का? मी तेव्हा तुमच्याकडेच आले होते. तुम्ही जयंती समितीचे अध्यक्ष. त्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांवर ओरडत होता. मंडपवाल्यावर, मामीवर, माझ्यावर. साधं मीठ मागितलं तरी ओरडून. मला वाटलं, पोरगं दारात आलं तर तुम्ही सगळ्या गावासमोर त्याचा अपमान कराल. मी त्याला म्हटलं, आत्ता नको येऊस. त्यांचा राग उतरू दे, मी सांगेन तेव्हा ये. त्यानं तिकीट रद्द केलं. मी सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि ऑगस्ट आला.

म्हणून मी येत नाही. त्याला मी अडवलं.

पण मामा, एक मीही विचारते. तीन वर्षं झाली, जात नाही डोक्यातून. तुम्ही का ठेवलात फोन? एवढा राग माणसाला पोटच्या पोराचा येतो?

पल्लवी


सेनगाव
२२ सप्टेंबर

पल्लवी,
मी मामी लिवते. अक्षराला हसू नको, सातवी झालेली हाये मी.

तुजं पत्र आलं त्या दिसापासून तुज्या मामानं नीट खाल्लं न्हाई. भाकरी मोडतेत अन् तशीच ठेवतेत. पत्र वाचून झाल्यावर घडी केली अन् अंगणात धुन्याच्या दगडापाशी जाऊन बसले, पावसात. मी छत्री धरून हुबी राहिले. दोन घंटे. मंग मी पत्र हातातून घेतलं अन् वाचलं.

तुमा दोघायला काय म्हनू? पोरगं येतो म्हनत व्हतं अन् आईला पत्ता न्हाई. काहून न्हाई सांगितलं मला? शपथ घातली म्हनं. मेलेल्याची शपथ किती वर्सं पाळतेत? मी तर यष्टीनं जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आले असते. मला कोनाचा राग न्हवता अन् मला कोनी इचारलं न्हाई.

त्यायला मी इचारलं, लिहून इचारलं, का ठेवला फोन? तर म्हनले, "मी त्याचा ठेवला न्हाई." एवढंच.

मी तुज्यावर लई चिडले हाये. पन तू लेकरू हायेस माझं. एक गेलं, दुसरं तोंड लपवून बसलं तर मी काय करू? घरी ये. मामा लिवतील तवा लिवतील. तू ये.

साधना मामी


सेनगाव
५ ऑक्टोबर २०२५

चि. पल्लवी,

तू विचारलंस, एवढा राग येतो का. उत्तर द्यायला वीस दिवस लागले. ते कोणालाही न सांगता जायचं, असं मी ठरवलं होतं.

सगळे म्हणतात, पोराच्या धक्क्याने गुरुजींचे कान गेले. दवाखान्यात डॉक्टर काय सांगत होते ते मला कळेना, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी तो अर्थ लावला. मी तो लागू दिला. ते खरं नाही. माझे कान २०२१ सालच्या पावसाळ्यातच जायला लागले होते. आधी उजवा, दिवाळीनंतर डावा. दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत समोर बसलेल्या माणसाचं अर्धंमुर्धं समजायचं. फोनवर काहीच नाही, नुसता वारा.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. ऐकू येत नाही असा मास्तर कोण ठेवील, असं मला वाटलं. चौकशी लागेल, पोरं हसतील. बौद्धवाड्यातून शिकून मास्तर झालेला मी पहिला. छत्तीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. ते शेवटी बहिरा म्हणून दाखवतील, हे मला सोसवेना. मी वर्गात पोरांना उत्तर पाटीवर लिहून दाखवायला लावायचो. विस्तार अधिकारी आले, त्यांनी अभिनव उपक्रम म्हणून शेरा दिला. मी तो फ्रेम केला. भिंतीवर आहे, तू पाहिला आहेस.

घरीही कोणाला कळू दिलं नाही. साधनाला वाटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून माणूस चिडखोर झाला. मी ओरडून बोलायचो, कारण माझा आवाज मलाच येत नव्हता. जयंतीच्या आठवड्यात मी कोणावरही रागावलो नव्हतो. मला एवढंच वाटत होतं की कोणाला ऐकू जात नाही.

ते फोन मला आठवतात. नंबर ओळखीचा नव्हता. मी हॅलो म्हणायचो, पलीकडे वारा. पुन्हा हॅलो म्हणायचो. वर्गात पोरं असायची, मास्तर फोन धरून मुक्यासारखा उभा आहे हे त्यांना दिसू नये म्हणून ठेवून द्यायचो. तिसऱ्या वेळी पलीकडे काहीतरी मोठ्याने चाललं आहे, एवढं जाणवलं होतं. मला वाटलं, बँकेचा नाहीतर कंपनीचा फोन असेल.

ते माझं पोर होतं.

जूनअखेर निवृत्त झालो. कान दाखवायचे, यंत्र घ्यायचं आणि मग पुण्याला जाऊन त्याच्यासमोर बसायचं, असं ठरवलं होतं. यंत्राशिवाय गेलो तर तो बोलेल आणि मला कळणार नाही, म्हणून थांबलो. सात आठवडे थांबलो.

तू त्याला अडवलं नाहीस. तू माझा ओरडा ऐकलास आणि त्याचा राग असा अर्थ केलास. कोणीही केला असता. मी एक वाक्य बोललो असतो, मला ऐकू येत नाही, एवढंच, तर साधनाने फोन घेतला असता. चूक एकाच जागी आहे, आणि ती कुठे आहे ते मला दिसतं. दुसरीकडे शोधू नकोस. ही तुझ्या मास्तराची आज्ञा समज.

साधनाला मी हे काल सांगितलं. ती उठून आत गेली. खूप वेळाने बाहेर आली आणि माझ्या पाटीवर लिहिलं, "तुमाला तकलीफ झाली तर सांगायची कोनाला? मी कशाला हाये?" आज ताटात भाकरी वाढली, आणि समोर बसून राहिली मी खाईपर्यंत.

तुझा मामा,
प्रेमानंद


हिंगोली
१८ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

घरून येऊन चार दिवस झाले. आपण त्याबद्दल काहीच बोललो नाही, बरं झालं. मामीनं माझी वेणी घातली, दहावीत घालायची तशी घट्ट. आयुषच्या फोटोसमोर बसले, उठवेना. तुम्ही येऊन शेजारी बसलात. माझ्याकडून एवढंच लिहायचं राहिलं होतं की मी तुमच्यावर रागावलेली नाही. रागावले होते, फार. आता तो राग ठेवू कुठे तेच कळत नाही. तुमची आज्ञा पाळायचा प्रयत्न करते. काही दिवशी जमतं.

सर्व्हे संपला. दोनशे घरांत नाव ऐकलेले एकवीस. मॅडमनी कळवलं, हिंगोली वाट पाहत नाही, इथे जाहिरातीवर खर्च करायचा नाही. काम संपलं. तुमचा फॉर्म बाद झाला. घरात पंधरा ते पंचेचाळीस वयाचं कोणीतरी असायला हवं होतं, प्रमोदनं घाईत विचारलंच नाही. त्यामुळे हिशेबात एकशे नव्व्याण्णवच घरं धरली.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुम्ही विचारलं होतं, तो तुमच्याबद्दल काय म्हणायचा. मी फक्त वाईट तेवढंच लिहिलं, कारण मला तेच टोचत होतं. एक राहिलं.

पुण्यात तो काय काम करायचा हे तुम्हाला नीट माहीत नाही. कॉम्प्युटर कंपनी असं आपण सगळ्यांना सांगतो. तो गेम तपासायचा. नवा गेम लोकांच्या हातात जाण्याआधी एकच भाग शंभर वेळा खेळायचा, कुठे अडकतो, कुठे भिंतीतून माणूस आरपार जातो, ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. मी हसले होते, म्हटलं, खेळायचे पैसे मिळतात तुला? तर म्हणाला, "खेळत नाही ताई. बाबांचंच काम करतो. ते दिवाळीच्या सुट्टीत वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायचे ना, लाल पेन घेऊन, तसंच. माझ्या टीमला मी चूक कशी लिहायची ते शिकवतो. कुठं झाली, कशी झाली, पुन्हा केल्यावर पुन्हा होते का. बाबा असंच समजावायचे."

हे मी तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं.

ते यंत्र पंधरा नोव्हेंबरला येतंय. नांदेडला एका मोठ्या दुकानात लोकांना हात लावून बघायला एक मांडून ठेवणार आहेत, असं प्रमोद म्हणत होता. सहज कळवलं.

तुमची,
पल्लवी


सेनगाव
१७ नोव्हेंबर २०२५

चि. पल्लवी,
मंगलकामना.

"सहज कळवलं" म्हणतेस. तू माझी विद्यार्थिनी आहेस, सहज काही लिहीत नाहीस.

तुझं पत्र पाकिटात घालून रोज उशाशी ठेवतो. साधनाला तो वह्यांचा मजकूर मी तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा तिने मला वाचून दाखवला, मला कळावा म्हणून ओठ हळू हलवून.

शनिवारी आम्ही नांदेडला गेलो. सकाळच्या गाडीने. दुकान मोठं, काचेचं. पोरांची गर्दी होती, कॉलेजातली. आम्ही दोघं म्हातारे, हातात पिशवी, कोपऱ्यात उभे. तासभर तसेच. मग गर्दी ओसरली. तिथे कामाला एक मुलगी होती, तुझ्या वयाची. ती आमच्याकडे आली आणि काही बोलली. मला कळलं नाही. साधना पुढे झाली. तिचे ओठ मला नीट दिसत होते. ती म्हणाली, "घ्यायचं न्हाई बाई. आमचं पोरगं ह्या कामात व्हतं. गेम तपासायचं. मोठ्या हुद्द्यावर व्हतं." हुद्द्याचं तिने मनानं घातलं. मी दुरुस्त केलं नाही.

मुलीने आम्हाला स्टुलं दिली. ते धरायचं यंत्र माझ्या हातात दिलं, बोटं कुठे ठेवायची ते हात धरून दाखवलं. पडद्यावर एक छोटा माणूस, डोक्यावर टोपी, डोंगराच्या कडेने चालत होता. मी बटण दाबलं की तो उडी मारायचा. पहिल्याच दरीत पडला. तो पडल्याबरोबर माझ्या दोन्ही तळव्यांत ते यंत्र थरथरलं. मी दचकलो. मग कळलं, पोरांना आवाज येतो, मला हातात येतं. माणूस दगडावरून चालला तर वेगळं, पाण्यातून चालला तर वेगळं. पल्लवी, चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला न लिहिता काहीतरी सांगत होतं.

तो माणूस दरीत पडला की पुन्हा काठावर उभा राहायचा. मी त्याला नऊ-दहा वेळा पाडला. कुठे पाय सुटतो ते नीट बघितलं. उडी एक पाऊल आधी पडत होती. अकराव्या वेळी पलीकडे गेला. शेजारच्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या, मला दिसल्या.

साधनाने खांद्याला हात लावला. घड्याळ दाखवलं. सेनगावची शेवटची सरळ गाडी पाचची होती.

माझ्या तोंडून गेलं, "एकच डाव. हा झाला की उठतो."

मी बोललो आणि तिथेच थांबलो. साधनाही थांबली. आयुष रोज हेच म्हणायचा, याच शब्दांत. ऐकू येत असतानाही मी ते कधी ऐकून घेतलं नाही. दर वेळी बटण बंद केलं.

साधनाने पिशवी स्टुलाखाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्या हातातलं ते यंत्र स्वतःच्या हातात घेतलं. म्हणाली, "सरका. आता माझी पाळी."

पाचची गाडी आम्ही जाऊ दिली.

तुझा मामा,
प्रेमानंद